थांबायचं, पण आपल्या जागी

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. कंपनीचा लॅपटॉप मी तीस रुपयांना विकलेला आहे. विकायचा असं काही मनात नव्हतं हो, पण नंतर हिशेब मांडला तेव्हा सौदा तेवढ्यालाच झाल्याचं लक्षात आलं.

त्याचं असं झालं. शुक्रवारची संध्याकाळ, साडेसातची वेळ, बाणेर रोड. बायको मिठाईच्या दुकानात शिरली होती आणि मी गाडी कडेला घेऊन बसलो होतो. काचा वर, एसी चालू, लॅपटॉपची बॅग शेजारच्या सीटवर. एवढ्यात माझ्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. बाहेर पंचविशीतला एक मुलगा, इस्त्रीचा शर्ट वगैरे, अगदी आपल्या टीममध्ये नवीन जॉइन झालेला वाटावा असा. त्यानं बोटानं खाली दाखवलं. "सर, तुमचे पैसे पडलेत बघा."

दार उघडून बघतो तर खरंच चाकाजवळ दहाच्या नोटा पडलेल्या. आता खरं तर माझ्या पाकिटात दहाची नोट असण्याचं काही कारण नव्हतं. चहावाल्यालासुद्धा मी क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतो. पण त्या क्षणी एवढा विचार करतंय कोण? वाकलो, नोटा गोळा केल्या, थँक्यू म्हणायला वर बघितलं तर तो मुलगा गायब. मनात म्हटलं, काय निरपेक्ष माणूस आहे! पाच मिनिटांनी बायको आली, शेजारचं दार उघडलं आणि म्हणाली, "बॅग मागे टाकलीस का?"

पोलीस चौकीत हवालदारांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि शांतपणे विचारलं, "किती नोटा होत्या?"

"तीन."

"मागच्या आठवड्यात एका साहेबांसाठी पाच टाकल्या होत्या."

लॅपटॉप गेल्याचं दुःख होतंच, त्यात हे. चोरांच्या लेखीसुद्धा आपलं पॅकेज कमीच.

ह्या प्रकरणातला सगळ्यात लाजिरवाणा भाग अजून सांगितलेलाच नाही. त्याच महिन्यात मी ऑफिसचं फिशिंगविषयीचं ऑनलाइन ट्रेनिंग शंभरपैकी शंभर मार्कांनी पास झालो होतो. अनोळखी मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नये, घाईला बळी पडू नये, फुकटच्या पैशाला भुलू नये, सगळी उत्तरं बरोबर. सर्टिफिकेट त्याच लॅपटॉपमध्ये होतं.

नंतर कित्येक दिवस मी ह्यावर विचार करत होतो आणि माझी खात्री पटली की रस्त्यावरच्या ह्या चोऱ्या म्हणजे चाकांवरचं फिशिंगच आहे. चोराला तुमच्या गाडीचं कुलूप तोडायचं नसतं. कुलूप तोडायला वेळ लागतो, आवाज होतो, हत्यारं लागतात. त्यापेक्षा तुम्हीच दार उघडलंत तर किती सोपं! सगळी युक्ती फक्त तेवढ्यासाठी असते.

आणि युक्त्या तरी किती असाव्यात? नीट बघितलं तर चारच. पहिली भीती: "ओ साहेब, बॉनेटमधून धूर येतोय," "ऑइल गळतंय," "मागचा टायर बसलाय." बॉनेटवर खरोखर थोडं ऑइल उडवून ठेवण्याइतपत मेहनतही हे लोक घेतात. दुसरा लोभ, त्याचा अनुभव वर आलाच आहे. तिसरा राग: सिग्नलला एक बाइकवाला गाडीला घासून जातो, आरशावर थाप मारतो, "पायावरून गाडी घातलीस" म्हणून आरडाओरडा करतो. तुम्ही भांडायला उतरलात की दुसऱ्या बाजूचं दार त्याच्या साथीदाराचं. आणि चौथी, सगळ्यात वाईट, दया. रस्त्याच्या कडेला हात करणारा माणूस.

सगळ्यांचा शेवट एकच. थांब, उतर, इथे, आत्ता. मेलमध्ये कसं, "तुमचं खातं चोवीस तासांत बंद होईल, लगेच इथे क्लिक करा." तेच ते. विचार करायला वेळ द्यायचा नाही, आणि जागा आपण ठरवायची.

इथेच एक तक्रारही करून घेतो. आपल्याकडे ह्या विषयावर जे फॉरवर्ड फिरतात त्यांनी फार नुकसान केलंय. माझ्या मावशीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक मेसेज येतो. कुणीतरी तुमच्या हातात व्हिजिटिंग कार्ड देतं, त्याला औषध लावलेलं असतं आणि हात लावताच तुम्ही बेशुद्ध पडता. हा मेसेज ईमेलच्या जमान्यापासून जगभर फिरतोय. त्याचा तोटा असा की माणूस भलत्याच गोष्टीला घाबरतो आणि खऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो. मावशी पेट्रोल पंपावर कुणाकडून कार्ड घेत नाही, पण भाजी घ्यायला उतरताना पर्स सीटवर ठेवते. आपणही तेच करतो. खरी चोरी अगदी साधी, कंटाळवाणी असते. तिच्यात गूढ औषध नसतं, उघडं दार असतं.

मग उपाय? तोही फिशिंगवाल्या ट्रेनिंगमध्येच आहे. बँकेचा मेल आला तर काय करायचं? मेलमधली लिंक दाबायची नाही. स्वतः ब्राउझर उघडायचा, स्वतः बँकेचा पत्ता टाइप करायचा आणि खातं बघायचं. खातं खरंच अडचणीत असेल तर तिथेही दिसेलच की! रस्त्यावरही हेच. कुणी टायर दाखवला तर मान हलवायची, वेग कमी करायचा आणि पुढच्या पेट्रोल पंपावर, उजेडात, चार माणसं असतील तिथे जाऊन उतरायचं आणि बघायचं. टायर खरंच बसला असेल तर स्टीअरिंग आधीच सांगतं, गाडी एका बाजूला ओढते. थोडं अंतर हळूहळू गेलात तर फार तर टायर खराब होईल. टायरचे काय सात-आठ हजार जातील ते जाऊ देत.

जानेवारी २०२३ मधली बंगळुरूच्या सर्जापूर रोडची घटना बहुतेकांनी पाहिली असेल. पहाटे तीनच्या सुमारास एक जोडपं गाडीतून घरी चाललं होतं. समोरून एक बाइक आली आणि मुद्दाम गाडीवर आपटली. बाइकवरचे दोघं उतरून अंगावर आले. हे दोघं काही गाडीतून उतरले नाहीत. त्यांचा जवळपास पाच किलोमीटर पाठलाग झाला, पण दारं बंद ती बंदच राहिली. सगळा प्रकार डॅशकॅममध्ये आला, व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि पोलिसांनी दोघांना अटक केली. तो कॅमेरा नसता तर कोण कुणाला धडकलं ह्यावर वाद घालत बसावं लागलं असतं. लॅपटॉप गेल्यानंतर मी पहिली खरेदी डॅशकॅमचीच केली. मित्र हसले, पण महिन्याभरात तिघांनी लिंक मागितली.

तर माझा नियम ठरला: थांबायचं कुठे, हे मी ठरवणार. दुसऱ्यानं सांगितलेल्या जागी थांबायचं नाही. मी भलताच खूश होतो. सगळ्यांना सांगत सुटलो होतो. लंच टेबलावर तर मी ह्या विषयाचा सल्लागारच झालो होतो.

आणि मग ती रात्र आली.

दोन वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आधीची गोष्ट. आईला घेऊन आम्ही कराडला घरी निघालो होतो. शुक्रवार असल्यामुळे पुण्यातून बाहेर पडायलाच दहा वाजले. नवले पुलापाशी नेहमीचा खोळंबा, पुढे शिरवळला चहा. खंबाटकी घाट उतरून सुरूर मागे टाकलं तेव्हा साडेबारा होत आले होते. भुईंज अजून यायचं होतं. बायको पुढे, आई मागे. रस्ता बऱ्यापैकी मोकळा. लांबवर डाव्या कडेला मोबाइलचा टॉर्च हलताना दिसला. जवळ आलो तर एक माणूस दोन्ही हात वर करून गाडी थांबवायला सांगत होता. त्याच्यामागे बाइक आडवी पडलेली. बाइकच्या पलीकडे काहीतरी होतं. माणूस होता की मोठी पिशवी, मी आजही सांगू शकणार नाही.

आई म्हणाली, "अरे थांब, कुणीतरी हात करतंय."

बायको म्हणाली, "नको थांबूस. अजिबात नको."

मी थांबलो नाही. वेगही कमी केला नाही. उजव्या लेनमध्ये गेलो आणि पुढे निघून गेलो.

इथे बायकोची बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ शमशाबादच्या टोलनाक्यापाशी काय झालं ते ती विसरलेली नाही. एका तरुण डॉक्टर मुलीच्या स्कूटरची हवा मुद्दाम काढली आणि मग तीच माणसं मदत करायला पुढे आली. पुण्यातही २००९ साली खराडीला एक सॉफ्टवेअर इंजिनिअर मुलगी रात्री घरी जायला गाडीची वाट बघत उभी होती. तिला घरी सोडतो म्हणून कॅबवाल्यानं गाडीत घेतलं, ती घरी पोचलीच नाही. ह्या बातम्या मी वाचतो आणि पान उलटतो. बायकोच्या मनात मात्र त्या रस्त्याचा नकाशा होऊन बसतात. माझ्यासाठी अंधारात थांबण्याची किंमत लॅपटॉप असते. तिच्यासाठी ती वेगळीच असू शकते. त्यामुळे ती "नको" म्हणाली ह्यात तिची काहीही चूक नव्हती आणि त्या क्षणी गाडी पुढे नेली हा निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही.

चूक त्यानंतर झाली.

दोन-तीन मिनिटं आम्ही तिघंही गप्प होतो. मग बायकोच म्हणाली, "११२ ला फोन करू या." तिनं लावला. फोन पटकन लागला, पलीकडच्या बाई व्यवस्थित बोलल्या. अपघात वाटतोय, हायवेला, एक माणूस हात करतोय, बाइक पडलीय. बाईंनी विचारलं, "नेमकं कुठे?"

"सुरूरच्या पुढे. भुईंजच्या आधी."

"किलोमीटर किती?"

कुणीच बघितला नव्हता.

"जवळ काही खूण? हॉटेल, पूल, पंप?"

अंधार होता. आणि आमचं सगळं लक्ष त्या जागेपासून लांब जाण्याकडे होतं. ताशी नव्वदनं तीन मिनिटं म्हणजे साडेचार किलोमीटर. शाळेतलं गणित. मॅपवर पिन टाकून ठेवायचंसुद्धा दोघांपैकी कुणाला सुचलं नाही. आम्ही दोघंही इंजिनिअर आहोत, हे जाता जाता नमूद करतो.

महाराष्ट्रात ११२ चा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून त्या त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे पाठवला जातो. म्हणजे फोन घेणाऱ्याला सुरूर काय आणि भुईंज काय, समोरच्या स्क्रीनवरची नावं. जागा आपणच सांगायची असते. आनेवाडीचा टोल ओलांडल्यावर आम्हाला एका स्थानिक पोलिसाचा फोन आला. गाडी फिरून आली, त्यांना कुणी दिसलं नाही. नक्की कुठे होतं? आम्ही पुन्हा तेच सांगितलं. सुरूरच्या पुढे, भुईंजच्या आधी. ते "बरं, परत बघतो" म्हणाले.

पुढे काय झालं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपर चाळला, त्यात काही नव्हतं. नसण्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. तो सापळा असेल. किंवा कुणीतरी ट्रकवाला थांबला असेल, जखमी माणसाला घेऊन गेला असेल. किंवा आमच्या अर्धवट पत्त्यामुळे पोलिसांची गाडी भलतीकडेच शोधत राहिली असेल.

आई त्या रात्री काही बोलली नाही. सकाळी चहा करताना मात्र, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझे बाबा पेठ नाक्यापाशी स्कूटरवरून पडले होते ना, तेव्हा एक टेम्पोवाला थांबला होता. रात्रीच." बस, एवढंच. मी पाचवीत होतो तेव्हा. बाबांच्या पायात अजून सळई आहे. टेम्पोवाल्याचं नाव घरात कुणाला माहीत नाही. त्याला तेव्हा सापळ्याची भीती वाटली नसेल? वाटली असणार. शिवाय पोलिसांचीही वाटली असणार, कारण त्या काळी जखमीला दवाखान्यात आणणाराच आधी आरोपीसारखा उभा राहायचा.

तर आता मुद्द्यावर येतो. माझा नियम अर्धवट होता. "थांबायचं कुठे हे मी ठरवणार" ह्यातलं "मी ठरवणार" मला चटकन पाठ झालं आणि "थांबायचं" हे विसरलो. फिशिंगच्या ट्रेनिंगमध्ये दोन पायऱ्या असतात. लिंकवर क्लिक करायचं नाही, ही पहिली. दुसऱ्या मार्गानं खात्री करायची, ही दुसरी. मित्राच्या नावानं मेल आला, "अडचणीत आहे, पैसे पाठव," तर पैसे पाठवायचे नाहीत हे बरोबर. पण मित्राला फोन तर करायचा! न जाणो, तो खरंच अडचणीत असेल. आपण पहिली पायरी चढतो आणि स्वतःला हुशार समजून तिथेच बसतो.

आकड्यांकडे बघितलं तर हे आणखी टोचतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. सरासरी काढली तर रोज साडेचारशेच्या वर. तेव्हा हायवेच्या कडेला हात करणारा माणूस लुटारू असू शकतो हे जितकं खरं, तितकंच तो खरा जखमी किंवा जखमीचा भाऊ असू शकतो हेही खरं. आपण फक्त पहिल्या शक्यतेसाठी तयारी करून निघतो.

कायद्याची भीती हे एक कारण पूर्वी सांगता यायचं, तेही आता उरलं नाही. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर फौजदारी किंवा दिवाणी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला बक्षीस देण्याची केंद्राची योजना २०२१ मध्ये पाच हजारांपासून सुरू झाली, २०२५ मध्ये ती रक्कम पंचवीस हजार झाली. बक्षिसासाठी कुणी थांबेल असं मला वाटत नाही, पण "मदत केली तर आपणच अडकू" ही सबब आता चालणार नाही एवढं नक्की.

एक फरक मात्र स्पष्ट ठेवायला हवा. वरचं सगळं आहे ते दुसऱ्याच्या अपघाताविषयी, किंवा अपघाताच्या नाटकाविषयी. तुमच्याच गाडीनं कुणाला खरोखर धडक बसली असेल तर "सापळा वाटला" म्हणून निघून जाता येत नाही. जखमीला उपचार मिळतील हे बघणं ही कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरची जबाबदारी आहे. जमाव खवळलाय म्हणून थांबणं शक्यच नसेल तर कायदाही ते समजून घेतो, पण पोलिसांना कळवावंच लागतं. अशा वेळी फोन लपवायचा नसतो, तुम्हीच पहिला फोन लावायचा असतो.

आता आमच्या गाडीत काय चालतं ते सांगतो. ह्यातलं काहीच नवीन नाही, पण आधी ह्यातलं काहीच होत नव्हतं.

बॅगा डिकीत. आणि त्या निघतानाच डिकीत. पोचल्यावर पार्किंगमध्ये डिकी उघडून बॅग ठेवणं म्हणजे बघणाऱ्याला माल कुठे आहे ते दाखवणं. बाजूची काच टफन्ड असते, एकदा फुटली की सगळीच्या सगळी दाणे होऊन खाली येते. समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा, ती तडकते पण जागेवर राहते. म्हणून चोर बाजूची फोडतो. त्याला दोन सेकंद पुरतात. सीटवर काही दिसलंच नाही तर तो दोन सेकंदही घालवत नाही.

दारं आपण लॉक करायची, गाडीवर सोडायची नाहीत. बऱ्याच गाड्या वेग घेतला की आपोआप लॉक होतात, पण उभ्या असताना त्यांचं वागणं मॉडेलप्रमाणे वेगळं. माझ्या गाडीत ड्रायव्हरचं दार आतून उघडलं की चारही दारं उघडतात. हे मला तीस रुपये मिळाल्यावर कळलं. तुमच्या गाडीत काय होतं ते उद्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं घालवून बघा.

सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवायचं. म्हणजे गरज पडली तर रिव्हर्स न घेता बाजूनं निघता येतं. पुण्यात एवढं अंतर ठेवलं तर त्यात दोन रिक्षा आणि एक टू-व्हीलर येऊन बसते, हे मान्य. रात्री तरी ठेवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्री कुणी हात केला आणि आसपास दुसरी गाडी थांबलेली नसेल तर आम्ही थांबत नाही. पण वेग थोडा कमी करतो आणि बघतो. डोळे उघडे ठेवून बघतो. शेजारी बसलेल्याचं काम ठरलेलं आहे: लगेच मॅपवर पिन टाकायची आणि पहिला दिसेल तो किलोमीटरचा दगड वाचायचा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गाचं हिरवं. मधेमधे दर दोनशे मीटरला छोटे दगड असतात. तो आकडा, आपण कुठल्या दिशेनं चाललोय ते, आणि काय दिसलं ते, एवढं ११२ ला सांगायचं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लाही चालतं, नुसती रुग्णवाहिका हवी असेल तर महाराष्ट्रात १०८ आहे. मग पुढच्या उजेडातल्या जागी थांबायचं. हॉटेल, पंप, टोलनाका, जे येईल ते. तिथल्या माणसांना सांगायचं की मागे असं असं आहे. ट्रकवाले चार-पाच जण मिळून परत जायला तयार होतात, हा माझा अनुभव आहे. फोन येईल त्याला उत्तर द्यायचं, आणि पोलिसांना जागा सापडली असं कळेपर्यंत तिथेच थांबायचं.

दिवसाउजेडी आणि दोन-तीन गाड्या थांबलेल्या असतील तर आम्ही थांबतो. अपघाताच्या पुढे जाऊन, कडेला, पार्किंग लाइट लावून. बायको आधी फोन लावते, मी नंतर उतरतो. तिनं दारं आतून लॉक केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

ह्याला दहा मिनिटं जास्त लागतात. कधीकधी पंधरा. घरी पोचायला पाऊण वाजायचा तिथे एक वाजतो. त्या रात्री एवढीच दहा मिनिटं मी वाचवली होती.

मागच्या महिन्यात पुन्हा कराडला गेलो. आई नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःच काम शोधून काढलंय. खंबाटकी उतरलो की ती चष्मा लावते, खिडकीपाशी सरकून बसते आणि दगड आला की आकडा मोठ्यानं वाचते. गाणी चालू असली तरी मधेच आकडा येतो. बायको एकदा हळूच म्हणाली, "आई, झोपा ना थोडं, अजून तास आहे." आई म्हणाली, "झोपते की भुईंज गेल्यावर."